गुलाम ते खासदार : रॉबर्ट स्मॉल्स यांची जीवनकहाणी

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्या वस्तीतल्या शाळकरी मुलालाही अब्राहम लिंकन आठवतो. जरा जास्त वाचन असलेल्याला बुकर टी. वॉशिंग्टन आठवतात. पण गुलामगिरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झाले, हे फारसे कुणी विचारीत नाही. बेडी तुटली, मग पुढे काय? राहायचं कुठे, कसायचं काय, मुलांना शिकवायचं कुणी, कोर्टात आपली साक्ष ऐकायची कुणी, आणि मत टाकायला गेलो तर परत जिवंत घरी येऊ का? या प्रश्नांशी जन्मभर झगडलेल्या एका माणसाची ही हकिकत आहे. अमेरिकेत त्यांच्यावर ग्रंथ आहेत, त्यांच्या नावाने शाळा आणि रस्ते आहेत. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव कमी ऐकू येते, म्हणून वाचक बंधू-भगिनींसमोर ती थोडी सविस्तर मांडीत आहे.

रॉबर्टचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी साउथ कॅरोलिना राज्यातील ब्यूफर्ट या समुद्रकाठच्या गावी झाला. गावातील प्रिन्स स्ट्रीटवर मॅकी नावाच्या मालकाचे मोठे घर होते. त्या घराच्या मागे गुलामांसाठी जी खोपटी होती, त्यातल्या एकात. आईचे नाव लिडिया. तिला लहानपणीच मळ्यावरून उचलून घरकामाला आणले होते. बाप कोण, याची कुठे नोंद नाही. बाप गोरा असावा असे लोक धरून चालत, पण त्याचा उपयोग शून्य. कारण कायदाच असा, की मूल आईच्या मागे जाते. आई गुलाम तर पोरगा गुलाम, मग बाप कोणीही का असेना.

घरात कामाला असलेल्या गुलामाच्या पोराला शेतावरच्यापेक्षा बरे दिवस. खायला उरलंसुरलं मिळे, मालकाच्या मुलांत खेळायला मिळे. पोरगा हुशार, चुणचुणीत, मालकाच्या मर्जीतला. दुसऱ्या कुणा आईला बरे वाटले असते. लिडियाला मात्र याचीच धास्ती वाटू लागली. आपण इतर काळ्यांसारखे नाही, असे हे पोर समजू लागले तर एक दिवस फार मोठा फटका खाईल, हे तिने ओळखले. त्यांच्या कुटुंबात सांगत आले आहेत, की तिने मुद्दाम रॉबर्टला शेतावर पाठवले, गुलामांना खांबाला बांधून चाबकाने फोडतात ते त्याला डोळ्यांनी पाहायला लावले. पोर बदलले, ते तिथून. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा साउथ कॅरोलिनात १८३४ पासून गुन्हा होता. त्यामुळे शाळेचा प्रश्नच नव्हता. ही आईची शिकवणी तेवढी झाली.

बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्सटन शहरात भाड्याने कामाला लावले. भाड्याने म्हणजे, काम रॉबर्टने करायचे आणि पगार मालकाने घ्यायचा. आठवड्याला एक डॉलर तेवढा रॉबर्टच्या हातावर. आधी हॉटेलात, मग रस्त्यावरचे दिवे लावण्याचे काम, मग गोदीत. गोदीत त्याचा जीव रमला. माल चढवणे-उतरवणे, दोरखंड बांधणे, शिडे शिवणे असे करत करत तो सुकाणूवर उभा राहिला. चार्ल्सटनच्या बंदरातला वाळूचा बांध कुठे, पाणी कुठे उथळ, भरती-ओहोटीला प्रवाह कसा वळतो, हे सगळे त्याला पाठ झाले. अशा माणसाला तिकडे पायलट म्हणतात. पण तो मान गोऱ्यांचा. काळा माणूस तेच काम तसेच करीत असला तरी त्याला नुसते सुकाणी म्हणायचे!

१८५६ च्या डिसेंबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, हॉटेलात काम करणाऱ्या हॅना नावाच्या बाईशी त्याचे लग्न झाले. तीही गुलाम, तिचा मालक वेगळा. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. मालकाच्या मनात आले तर नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात विकली जाई. मुलगी झाली तेव्हा रॉबर्टने बायको आणि मुलगी विकत घ्यायची ठरवली. होय, स्वतःची बायको आणि स्वतःची मुलगी. मालकाने भाव सांगितला ८०० डॉलर. रॉबर्टची सगळी शिल्लक होती १०० डॉलर. एक-एक डॉलर साठवून सातशे कधी व्हायचे, आणि तोवर त्या दोघी विकल्या गेल्या तर?

एवढ्यात यादवी युद्ध पेटले. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटनच्याच बंदरातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी तोफा डागल्या. साउथ कॅरोलिना राज्याची १८६० ची लोकसंख्या सात लाखांच्या वर, आणि त्यात चार लाखांहून अधिक गुलाम. म्हणजे शंभरातले सत्तावन्न लोक दुसऱ्याच्या मालकीचे. ही मालकी टिकवण्यासाठीच ते राज्य सर्वांत आधी फुटून निघाले होते. बंडखोर सैन्याने प्लँटर नावाची एक आगबोट कामाला लावली होती, तिच्या सुकाणूवर रॉबर्टची नेमणूक झाली.

आता १२ मे १८६२ ची रात्र. प्लँटरवर तिच्या स्वतःच्या दोन तोफा होत्याच, शिवाय त्या दिवशी एका बेटावरून आणखी चार मोठ्या तोफा चढवल्या होत्या. बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी रात्री शहरात आपापल्या घरी निघून गेले. नियमाने त्यांनी बोट सोडायला नको होती. पण बोटीवर राहिलेले सगळे गुलाम, ते काय करणार आहेत, असा त्यांचा समज! ते नेमके काय करणार हे त्या खलाशांचे आधीच ठरले होते. पकडले गेलो तर शरण जायचे नाही, बोट बुडवायची, नाहीतर सगळ्यांनी पाण्यात उड्या घ्यायच्या, हेही ठरले होते. हॅनाला हे सांगितले तेव्हा ती मागे हटली नाही.

पहाटे तीनच्या सुमारास बॉयलर पेटवला. दुसऱ्या धक्क्याजवळ बायका-मुले लपून बसली होती, त्यांना घेतले. एकूण सोळा माणसे. रॉबर्टने कप्तानाचा कोट चढवला, डोक्यावर त्याची गवती हॅट ठेवली आणि कप्तान उभा राहायचा तशीच ऐट करून जागेवर उभा राहिला. चेहरा दिसू नये एवढाच अंधार होता. बंदरातून बाहेर पडायचे तर एकामागून एक पहाऱ्याची ठाणी ओलांडायची, आणि प्रत्येक ठिकाणी बरोबर खूण द्यायची. शेवटी फोर्ट सम्टर. त्याने शिट्टी दिली, दोन लांब आणि एक आखूड. किल्ल्यावरून रस्ता मोकळा असल्याची खूण आली. तोफांचा पल्ला संपेपर्यंत बोट नेहमीच्याच वेगाने चालवली, घाई केली असती तर संशय आला असता. मग बंडखोरांचा झेंडा उतरवला आणि हॅनाने आणलेली पांढरी चादर वर चढवली. समोर उत्तरेच्या आरमाराचे जहाज तोफा रोखून तयारच होते. उजाडता उजाडता त्यांना ती चादर दिसली. नाहीतर ही सोळा माणसे आपल्याच सुटका करणाऱ्यांच्या गोळ्यांनी गेली असती.

त्या वेळी रॉबर्ट तेवीस वर्षांचा होता. बोट, सहा तोफा, गुप्त खुणांचे पुस्तक, आणि पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत याची डोक्यातली माहिती, एवढे सगळे उत्तरेच्या हाती पडले. संसदेने खास कायदा करून बक्षीस दिले, त्यातले १,५०० डॉलर रॉबर्टच्या वाट्याला आले. बायको-मुलीचे आठशे आता कुणाला द्यायचे राहिले नव्हते.

आतापर्यंत आपण त्यांना अरे-तुरे केले, कारण त्या काळी त्यांना तसेच हाक मारीत. इथून पुढे ते स्मॉल्स झाले.

याच काळात एक मोठा प्रश्न उत्तरेत चालला होता. काळ्यांच्या हाती बंदूक द्यायची की नाही? काळा माणूस लढू शकत नाही, असे म्हणणारे उत्तरेतही पुष्कळ होते. ऑगस्ट १८६२ मध्ये स्मॉल्स एका धर्मोपदेशकाबरोबर वॉशिंग्टनला गेले आणि युद्धमंत्री स्टँटन यांना भेटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाच हजारांपर्यंत काळे शिपाई भरती करण्याची परवानगी निघाली. एकट्या स्मॉल्समुळे निघाली असे म्हणता येणार नाही, पण लढू शकत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला प्लँटर बोट होती, हे खरे. स्वतः स्मॉल्स पुढे अनेक लढायांत होते. एप्रिल १८६३ मध्ये ते ज्या चिलखती जहाजाचे सुकाणू सांभाळत होते त्याला नव्वदच्या आसपास गोळे लागले, दुसऱ्या दिवशी ते बुडाले. त्याच वर्षी डिसेंबरात प्लँटर गोळ्यांच्या माऱ्यात सापडली. गोरा कप्तान शरण जायच्या गोष्टी करून कोळशाच्या कोठीत जाऊन बसला. शरण गेल्यावर गोऱ्याला कैदी म्हणून ठेवतील, पण काळ्यांचे काय करतील हे स्मॉल्सना माहीत होते. त्यांनी बोट ताब्यात घेऊन बाहेर काढली. त्यांना तिचा कप्तान करण्यात आले. (आता गंमत पाहा. पुढे पेन्शनची वेळ आली तेव्हा रीतसर नेमणुकीचा कागद सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षे अडवणूक झाली. अखेर १८९७ मध्ये संसदेला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा कुठे महिना ३० डॉलर सुरू झाले.)

१८६४ मध्ये बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला न्यावी लागली. दुरुस्ती लांबली. तो वेळ वाया जाऊ दिला नाही. पंचविसाव्या वर्षी स्मॉल्स यांनी मास्तर लावून लिहायला-वाचायला शिकायला सुरुवात केली. याच शहरात, गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत, ट्रामगाडीत बसले असताना एका गोऱ्यासाठी जागा सोडून बाहेर फळीवर उभे राहायला त्यांना सांगण्यात आले. ज्याचे पराक्रम वर्तमानपत्रांत छापून आलेले, त्या माणसाला. ते खाली उतरले आणि पायी गेले. त्यावर मोठा गवगवा झाला, सभा झाल्या, आणि १८६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने गाड्यांमधला हा भेदभाव कायद्याने बंद केला.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. त्याच आठवड्यात लिंकनचा खून झाला. डिसेंबरात घटनेची तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. इथे आपल्याला वाटते की गोष्ट संपली. खरी गोष्ट इथून सुरू होते.

लिंकननंतर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांना जुन्या मालकांना सांभाळून घ्यायचे होते. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरील जमिनी सैन्याने सुटलेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकरांनी दिल्या होत्या, त्या जॉन्सनने बहुतांशी काढून मालकांना परत केल्या. दक्षिणेतील राज्यांत पुन्हा तेच लोक निवडून आले आणि त्यांनी खास काळ्यांसाठी नवे कायदे केले. साउथ कॅरोलिनाचा कायदा असा, की काळ्याने शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा कुठलाही धंदा करायचा तर दरवर्षी न्यायाधीशाकडून परवाना घ्यायचा आणि त्याची १० ते १०० डॉलर फी भरायची. मजुरीचा करार केला की कायद्यात त्याचे नाव नोकर आणि समोरच्याचे नाव मालक. गुलाम हा शब्द तेवढा गेला. ज्याने जे काम पिढ्यान्पिढ्या केले त्याने तेच करावे, दुसऱ्या धंद्याला हात लावू नये, ही पद्धत आपल्याला ओळखीची आहे. फरक इतकाच, की तिकडे ती कायद्याच्या पुस्तकात लिहिली आणि फीचा आकडाही घातला.

यावर वॉशिंग्टनच्या संसदेतील सुधारक खवळले. जॉन्सनने नकाराधिकार वापरला तरी तो मोडून १८६६ चा नागरी हक्क कायदा केला. १८६७ मध्ये दक्षिणेची राज्ये लष्कराखाली आणली आणि अट घातली, की नव्या घटना लिहा, त्या लिहिणाऱ्या सभेच्या निवडणुकीत काळ्या पुरुषांनाही मत द्या. साउथ कॅरोलिनात मतदारांची नोंदणी झाली तेव्हा काळे मतदार सुमारे ८० हजार आणि गोरे सुमारे ४७ हजार निघाले. दोन वर्षांपूर्वी ज्यांची नोंद मालमत्ता म्हणून होत होती, ते आता मतदार यादीत होते. बायकांना मात्र मत नव्हते, काळ्या नाही आणि गोऱ्याही नाही.

स्मॉल्स ब्यूफर्टला परत आले होते. युद्धाच्या काळात गावातले गोरे मालक पळून गेले होते, घरांचा सरकारी कर थकला होता आणि घरे लिलावात निघाली होती. प्रिन्स स्ट्रीटवरचे मॅकीचे घरही निघाले. ते स्मॉल्स यांनी घेतले! ज्या घराच्या मागच्या खोपटीत जन्मले त्या घराचे ते मालक झाले. पुढे त्या घरावर हक्क सांगणाऱ्या एका गोऱ्याने दावा लावला, तो थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७८ मध्ये निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. हा निकाल त्यांच्या एकट्यासाठी नव्हता, त्या पट्ट्यात लिलावात जमिनीचा तुकडा घेतलेल्या अनेक काळ्या कुटुंबांची मालकी त्यावर टिकून राहिली. त्या घराबद्दल एक गोष्ट सांगतात. मॅकीची म्हातारी बायको भ्रमिष्ट होऊन एक दिवस दारात आली, तिला वाटत होते की घर अजून तिचेच आहे. स्मॉल्स यांनी तिला हाकलले नाही. तिच्या खोलीत तिला राहू दिले.

घटना लिहिण्यासाठी जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्सटनला सभा भरली. १२४ प्रतिनिधी, त्यांत निम्म्याहून जास्त काळे. स्मॉल्स त्यांत होते. वय २८, वाचायला शिकून जेमतेम तीन वर्षे झालेली. जातीच्या किंवा पैशाच्या प्रश्नावर बोलायला पुष्कळ वक्ते होते. स्मॉल्स यांनी आपले वजन टाकले ते शाळेवर. सर्व मुलांना सरकारने फुकट शिकवावे आणि ते सक्तीचे असावे, असा ठराव त्यांनी मांडला. नव्या घटनेत सार्वजनिक शाळांची तरतूद आली, रंगाचा भेद न करता. सरकारी पदासाठी मालमत्ता असलीच पाहिजे ही अट गेली. साउथ कॅरोलिनाला यापूर्वी सर्वांसाठी शाळा अशी गोष्टच माहीत नव्हती. गरीब गोऱ्यांच्या मुलांचीही सोय झाली ती या काळ्या प्रतिनिधींमुळे, हे पुढे त्यांचे वारस सोयीने विसरले.

त्यानंतर स्मॉल्स राज्याच्या खालच्या सभागृहात, मग १८७० ते १८७४ वरच्या सभागृहात होते. खालच्या सभागृहात काळ्यांचे बहुमत होते, सबंध अमेरिकेत असे एवढे एकच राज्य. १८७० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर एक काळा न्यायाधीश बसला, १८७३ मध्ये राज्याच्या विद्यापीठात काळी मुले शिकू लागली. त्याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले.

हे राज्य धुतल्या तांदळासारखे होते असे नाही. छपाईची कंत्राटे, रेल्वेचे रोखे, यांत पैसे खाल्ले जात, गोरेही खात आणि काळेही. पण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये याच्या कितीतरी पट पैसा गोऱ्यांनीच खाल्ला, त्यावरून गोऱ्यांना राज्य करता येत नाही असे कुणी म्हटले नाही.

४ मार्च १८७५ रोजी स्मॉल्स यांची देशाच्या संसदेतली मुदत सुरू झाली. त्याच्या तीनच दिवस आधी, १ मार्चला, एक मोठा कायदा झाला होता. धर्मशाळा, गाड्या-बोटी, नाटकगृहे, सगळीकडे सर्वांना सारखा प्रवेश, अडवणाऱ्याला शिक्षा. आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल, की १९४७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीसाठी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन लिहिले, त्यात अस्पृश्यांना सार्वजनिक जागी प्रवेश मिळावा म्हणून जे कलम सुचवले त्याला त्यांनी आधार घेतला तो १८६६ च्या आणि १ मार्च १८७५ च्या याच अमेरिकन कायद्यांचा. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा तो कायदा १८८३ मध्येच रद्द करून टाकला होता. स्मॉल्स तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, हक्क दिलेला आणि काढून घेतलेला, दोन्ही त्यांनी पाहिले.

उलटे वारे त्याआधीच सुटले होते. कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्या १८७१ मध्ये लष्कर लावून मोडल्या होत्या. १८७६ च्या निवडणुकीला लाल सदरे घातलेल्या घोडेस्वारांची पथके उघड उघड फिरू लागली. जुलैमध्ये हॅम्बर्ग नावाच्या, काळ्यांची वस्ती असलेल्या गावात काळ्या शिपायांच्या तुकडीला घेरले आणि पकडलेल्यांपैकी काहींना थंड डोक्याने गोळ्या घातल्या. स्मॉल्स यांनी संसदेत हा प्रकार मांडला, दक्षिणेतले लष्कर काढू नका म्हणून विनवले. पण उत्तरेतल्या गोऱ्यांना आता या प्रश्नाचा कंटाळा आला होता. अध्यक्षपदाच्या अटीतटीच्या वादात सौदा झाला, आणि एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनावरचे लष्कर निघून गेले. बारा वर्षांचा खेळ संपला.

लगेच स्मॉल्स यांच्यावर खटला झाला. राज्याच्या सभागृहात असताना छपाईच्या कंत्राटासाठी ५,००० डॉलर लाच घेतली, असा आरोप. मुख्य साक्षीदार तो छपाईवालाच, आणि साक्षीच्या बदल्यात त्याला माफी. तीन वर्षांची शिक्षा झाली. लाच घेतली की नाही? त्या साक्षीदाराच्या भरवशावर मी तरी हो म्हणणार नाही. पण एवढे खरे, की राज्य सरकारनेच १८७९ मध्ये त्यांना माफी दिली, ती एका देवाणघेवाणीत. निवडणुकीत दंडेली केलेल्या गोऱ्यांवरचे केंद्राचे खटले मागे घ्यायचे, इकडे यांच्यावरचे.

शिक्षेची टांगती तलवार असतानाही ते निवडणूक लढवीत होते. १८७८ मध्ये गिलिसनव्हिल या खेड्यात सभेला गेले असता शेकडो लाल सदरेवाल्यांनी त्यांना एका दुकानात कोंडले, गोळ्या झाडल्या. बातमी शेतावर गेली. रानातल्या बायका-पुरुषांनी हाती लागेल ते, बंदूक, कुऱ्हाड, कुदळ, उचलले आणि धाव घेतली. लाल सदरे पांगले. मला या चरित्रातले सगळ्यात मोठे दृश्य कोणते असे विचारले तर मी प्लँटर बोटीच्याही आधी हे सांगेन. बोट सोळा जणांनी पळवली. इथे आपला माणूस वाचवायला सगळे रान उठून आले.

पण रान प्रत्येक वेळी कुठून उठणार? १८८२ मध्ये राज्याने नवीन युक्ती काढली. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, अशा आठ पेट्या. मतपत्रिका चुकीच्या पेटीत पडली तर मत बाद. पेट्यांवरची नावे वाचता येत नसतील तर संपले. अंगठाबहाद्दर कोण, हे सांगायला नको, गुलामांना शिकवणे कुणी गुन्हा ठरवले होते तेही सांगायला नको. तरीही ब्यूफर्टच्या लोकांनी स्मॉल्स यांना पुन्हा पुन्हा निवडले. १८८० ची निवडणूक चोरीला गेली, ते तक्रार लढले आणि १८८२ मध्ये जागा परत मिळवली. १८८४ ते १८८७ पुन्हा संसदेत. त्यानंतर ते शक्य राहिले नाही. १८८९ पासून ते ब्यूफर्ट बंदरावर कस्टम्सचे कलेक्टर झाले आणि मधली काही वर्षे सोडता १९१३ पर्यंत त्या खुर्चीवर होते. १८८३ मध्ये हॅना गेली. १८९० मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले, तीही बायको पाच वर्षांत वारली.

ते साल १८९५. त्याच वर्षी कोलंबिया या राजधानीत नवी घटना लिहिण्याची सभा भरली. १८६८ च्या सभेत निम्म्याहून जास्त काळे होते, या सभेत १६० मध्ये सहा, आणि त्यातले पाच ब्यूफर्टचे. सभेचा सूत्रधार बेन टिलमन. काळ्यांचे मत काढून घ्यायचे हा हेतू त्याने कधी लपवलाही नाही. पण घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीमुळे रंगाचे नाव घेता येत नव्हते, म्हणून रंगाचे नाव न घेता काम उरकायचे होते. मतदाराने घटनेचा परिच्छेद वाचून दाखवावा किंवा ऐकून समजावून सांगावा. समजला की नाही हे ठरवणार कोण, तर गोरा अधिकारी. पुढे वाचता-लिहिता येण्याची अट, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता. शिवाय डोईपट्टी मतदानाच्या सहा महिने आधी भरलेली असावी. स्मॉल्स आणि त्यांचे पाच सोबती कलमाकलमाला भांडले. हरणार हे ठाऊक असून भांडले.

याच सभेत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालण्याचे कलम आले. स्मॉल्स उठले आणि त्यांनी उपसूचना दिली : जो गोरा पुरुष काळ्या बाईला ठेवील त्याला कोणतेही सरकारी पद मिळू नये, आणि त्यांच्या मुलाला बापाचे नाव व वारसा मिळावा. सभागृहात एकदम शांतता पसरली. बसलेल्यांपैकी किती जणांवर ही सूचना लागू पडली असती ते ज्याचे त्याला माहीत. सूचना फेटाळली गेली. मांडणारा माणूस मालकाच्या मागच्या खोपटीत बापाच्या नावाविना जन्मलेला होता.

सभा संपताना सहीची वेळ आली. स्मॉल्स यांनी सही नाकारली. सही केली नाही तर प्रवासभत्ता मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी कळवले, की मग ब्यूफर्टला पायी जाईन. अंतर शंभर मैलांवर होते आणि वय छप्पन्न.

१९१३ मध्ये अध्यक्ष विल्सन आले, दक्षिणेतल्या सिनेटरांचा जोर वाढला आणि स्मॉल्स यांची कलेक्टरची जागा गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दोघांची भेट झाली नाही, होण्याचे कारणही नव्हते. बाबासाहेब तिथे शिकत होते तेव्हाच, २३ फेब्रुवारी १९१५ रोजी, स्मॉल्स यांचे प्रिन्स स्ट्रीटवरील त्याच घरात निधन झाले. मलेरिया आणि मधुमेहाने शरीर पोखरले होते. वय पंच्याहत्तर. गावातल्या टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांना पुरले.

ब्यूफर्टचे ते घर १९७४ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाले. २०१७ मध्ये ब्यूफर्ट परिसरात त्या पुनर्रचनेच्या बारा वर्षांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. दक्षिणेने जिंकलेल्या एका लढाईचे नाव अमेरिकन आरमाराच्या एका युद्धनौकेला होते, ते काढून २०२३ मध्ये तिला रॉबर्ट स्मॉल्स हे नाव देण्यात आले. १८९५ च्या घटनेनंतर साउथ कॅरोलिनाचा शेवटचा काळा खासदार १८९७ मध्ये पायउतार झाला. मतदानाच्या हक्काचा कायदा १९६५ मध्ये झाला, आणि त्या राज्यातून पुढचा काळा खासदार वॉशिंग्टनला जाऊन बसला तो १९९३ साली.